प्राथमिकचं शेवटचं वर्ष : वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

मी ३१ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. त्यातली १९ वर्षं माझ्याकडे शाळेतला शेवटचा वर्ग होता. दर जूनमध्ये मी तो मागून घ्यायचे. या वर्गातली मुलं शाळेत सगळ्यात मोठी असतात आणि काही महिन्यांतच दुसऱ्या शाळेत सगळ्यात लहान होणार असतात. ही गोष्ट त्यांना पुरती कळलेली असते. मोठी माणसं मात्र त्या वर्षाकडे पुढच्या शाळेची तयारी एवढ्याच नजरेनं बघतात. या वेळी आलेली बहुतेक पत्रं याच वर्गाबद्दल आहेत, म्हणून सगळी जागा त्यांनाच देते. पत्रं थोडक्यात दिली आहेत आणि नावं गाळली आहेत.

बाई, माझी मुलगी आणि तिची मैत्रीण पहिलीपासून एका बाकावर बसतात. पुढच्या वर्षी दोघी वेगवेगळ्या शाळांत जाणार. मला वाटलं होतं, या वर्षी त्या एकमेकींना सोडणार नाहीत. झालं उलटंच. महिनाभरात तीन भांडणं झाली, आता बोलणं बंद. मी मध्ये पडू का? — एक आई

पडू नका. निदान लगेच तरी नको.

हे मी जवळजवळ दरवर्षी पाहिलं आहे. शेवटच्या दोन-तीन महिन्यांत वर्गातल्या सगळ्यात घट्ट जोड्या भांडायला लागतात. पहिली काही वर्षं मला कारण कळत नव्हतं. मी दोघींना समोर उभं करायची, ‘सॉरी म्हण’ म्हणायची, हात मिळवायला लावायची. हात मिळायचे आणि मधल्या सुट्टीत भांडण पुन्हा सुरू. मग एकदा एका मुलीनं मला न विचारता सांगून टाकलं. म्हणाली, “बाई, ती तशीपण जाणारच आहे ना.” जी जाणार आहे तिच्यावर रागावलेलं असलं की जाणं जरा सोपं वाटतं. दहा वर्षांच्या मुलीला असं मांडून सांगता येत नाही, पण करता येतं.

मला एक जोडी चांगली आठवते. त्या दोघींनी बाकाच्या मधोमध खडूनं रेघ मारली होती. कोपर पलीकडे गेलं की पट्टीनं ढकलायचं. मी रेघ पुसली नाही, जागाही बदलल्या नाहीत. दोन आठवडे रेघ रोज सकाळी नव्यानं काढली जात होती. मग एक मुलगी तापानं चार दिवस आली नाही. दुसरीनं दोन वह्या काढल्या आणि चारही दिवसांचा अभ्यास दोन्हीत लिहून काढला. शेवटच्या दिवशी वही माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, “तिला द्या. मी दिली असं सांगू नका.” पहिली परत आली, अक्षर पाहिलं, काही बोलली नाही. त्या दिवसापासून रेघ पुसट होत गेली, एवढंच. पूर्वीसारखी मैत्री झाली असं मी म्हणणार नाही.

तेव्हा तुम्ही तिला ‘नवीन मैत्रिणी मिळतील’ असं सांगू नका. ते खरं असलं तरी तिला ते ऐकू येतं ‘ही विसरून जा’ असं. त्यापेक्षा एखाद्या संध्याकाळी दोघी मिळून काहीतरी निवडत, घड्या घालत बसला असाल तेव्हा म्हणा, “तुला तिची फार आठवण येणार आहे.” आणि थांबा. या वयाची मुलं समोरासमोर बसवून विचारलं की गप्प होतात. शेजारी बसून हात कामात असले की बोलतात. तिच्या मैत्रिणीच्या आईशी मात्र तुम्ही आत्ताच बोलून ठेवा. शाळा सुटल्यानंतरच्या पहिल्या महिन्यातला एक दिवस नक्की करा, दोघींना भेटवायचा. मुलींना फोन नंबर देऊन ‘करा ग कधीतरी’ म्हटलं की ते ‘कधीतरी’ येत नाही. या वयात मैत्री टिकवण्याचं काम मोठ्यांच्या येण्याजाण्यावर चालतं, ती जबाबदारी तुमची.

मुलाला आतापर्यंत गणितात पैकीच्या पैकी मिळायचे. या वर्षी एकदम घसरला. पाढे पाठ आहेत, बेरीज-वजाबाकी चोख आहे. अपूर्णांक आले आणि वही बंद करून बसतो. आळशी झालाय का? — एक वडील

नाही. मला वाटतं, तुमच्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदाच जुना नियम मोडताना दिसतो आहे आणि ते कोणी त्याला सांगितलेलं नाही.

आतापर्यंत त्यानं काय शिकलं? चार हे तीनपेक्षा मोठे. गुणलं की संख्या वाढते, भागलं की कमी होते. चार वर्षं हे खरं ठरलं. आता आम्ही त्याला सांगतो, एक चतुर्थांश हा एक तृतीयांशापेक्षा लहान आहे. त्याच्या डोळ्यांना ३ आणि ४ दिसतात आणि तो ४ वाला मोठा म्हणतो. पुढे दशांश अपूर्णांक येतील तेव्हा तो ०.४५ हे ०.६ पेक्षा मोठे म्हणेल, कारण ४५ हे ६ पेक्षा मोठे आहेत. अर्ध्याला अर्ध्यानं गुणलं तर उत्तर पाव येतं, म्हणजे गुणून संख्या लहान झाली! हुशार मुलं इथे जास्त अडतात असा माझा अनुभव आहे, कारण त्यांचा जुन्या नियमावर विश्वास जास्त असतो.

घरी एक करून पाहा. एकाच मापाच्या तीन कागदी पट्ट्या घ्या. एकीचे घडी घालून दोन समान भाग, दुसरीचे तीन, तिसरीचे चार. तीन समान भाग करायला त्याला वेळ लागेल, लागू द्या. त्या धडपडीतच समान म्हणजे काय ते कळतं. मग एकेक भाग शेजारी शेजारी ठेवायचा. ‘जितके वाटेकरी जास्त, तितका वाटा लहान’ हे त्याच्या तोंडून येऊ द्या. तुम्ही आधी म्हणून टाकलंत तर गेलं.

दुसरी गोष्ट, आपल्या भाषेत एक मोठी ठेव आहे ती वापरा. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन. पूर्वी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी अशी अपूर्णांकांची पाढ्यांसारखी पाठांतरं होती. ती पाठ करून घ्या असं मी म्हणत नाही. पण तुमचा मुलगा ‘पाऊण तासानं येतो’ असं रोज म्हणतो आणि वहीतला तीन छेद चार त्याला परका वाटतो. दोन्ही एकच आहेत हे त्याला कोणी दाखवलेलं नसतं. जमिनीवर खडूनं एक लांब रेघ काढा, शून्यापासून तीनपर्यंत. त्याला सव्वावर उभं राहायला सांगा, मग पावणेदोनवर. ‘पावणेदोन म्हणजे दोनाला पाव कमी’ हे त्याला रेघेवर उभं राहून एका क्षणात कळेल. माझ्या वर्गात अशी रेघ वर्षभर मागच्या भिंतीलगत असायची. एक मुलगा कोणी ओरडलं की त्या रेघेवर अडीचवर जाऊन उभा राहायचा. का ते मी त्याला कधी विचारलं नाही, पण अडीच कुठे आहे हे त्याला पक्कं माहीत होतं.

या विषयाला मी इतकी जागा का देते तेही सांगते. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सीग्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली अमेरिका आणि ब्रिटन इथल्या मुलांच्या अनेक वर्षांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. साधारण दहा ते बारा वर्षांच्या वयात ज्यांना अपूर्णांक आणि भागाकार नीट समजले होते, त्यांचं पाच-सहा वर्षांनंतरचं बीजगणित आणि एकूण गणितही चांगलं निघालं. घरची परिस्थिती, पालकांचं शिक्षण, मुलांची बुद्धिमत्ता या गोष्टी हिशेबात धरूनही हा संबंध टिकला. म्हणून या वर्षी गुणांकडे थोडं दुर्लक्ष झालं तरी चालेल, अपूर्णांकांकडे नको. पुढच्या शाळेत हे सगळं ‘येतं’ असं धरूनच सुरुवात होते.

मुलगी दहा वर्षांची. शरीरात बदल दिसू लागलेत. पाळीबद्दल आत्ताच सांगू की मोठ्या शाळेत गेल्यावर? इतक्या लवकर सांगून तिचं बालपण संपेल अशी भीती वाटते. — एक आई

आत्ताच सांगा. या आठवड्यात.

मुलींच्या शरीरातले बदल साधारण ८ ते १३ या वयात सुरू होतात, मुलांचे ९ ते १४ मध्ये. छातीची वाढ सुरू झाल्यापासून सर्वसाधारणपणे दोन-अडीच वर्षांत पाळी येते. म्हणजे शेवटच्या वर्गात काही मुलींना ती येणारच. माझ्या १९ वर्षांत मी शाळेच्या स्वच्छतागृहात रडणाऱ्या सात मुली पाहिल्या. मी संख्या मोजली होती, कारण प्रत्येक वेळी मला वाटायचं की ही शेवटची असावी. त्यातल्या पाच जणींना घरी काहीच सांगितलेलं नव्हतं. एकीला वाटलं आपण मरणार आहोत. ती अर्धा तास आतून कडी लावून बसली होती आणि बाहेर मी दाराशी बसून होते.

माहिती दिल्यानं बालपण संपत नाही. त्या मुलीचं त्या अर्ध्या तासात काय झालं असेल, याचा विचार मी आजही करते.

सांगायचं फार लांबण न लावता. रक्त कुठून येतं, का येतं, किती दिवस येतं, दुखलं तर काय करायचं, शाळेत असताना आलं तर कोणाकडे जायचं. दप्तराच्या आतल्या कप्प्यात एका छोट्या पिशवीत पॅड आणि एक जादा चड्डी ठेवा आणि ती कशी वापरायची हे एकदा करून दाखवा. एका बैठकीत सगळं संपवू नका. दोन दिवसांनी ती स्वतः काहीतरी विचारेल, तो प्रश्न महत्त्वाचा. आठ वर्षांच्या आधीच बदल सुरू झाले असते तर मी तुम्हाला डॉक्टरांकडे जा म्हटलं असतं. दहाव्या वर्षी हे अगदी नेहमीचं आहे.

घरात मुलगा असेल तर त्यालाही सांगा. वर्गात कोणाच्या फ्रॉकवर डाग दिसला की हसायचं नाही, हे त्याला कोणीतरी आधी सांगितलेलं असावं लागतं.

आमच्याकडे चौथीनंतरच शाळा बदलते. एवढ्या लहान वयात मुलाला मोठ्या शाळेत टाकणं योग्य आहे का? एक वर्ष थांबवू का? — एक आजोबा

फक्त वय लहान वाटतं म्हणून थांबवू नका. प्राथमिक शाळा कुठे संपावी याचं सगळ्या जगाचं एकमत नाही. आपल्या २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात पहिली ते पाचवी हा पहिला टप्पा धरला आहे, तरी अनेक शाळा चौथीलाच संपतात. जर्मनीच्या बहुतेक राज्यांत चार वर्षांची प्राथमिक शाळा असते, पण बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये सहा. जपानमध्येही सहा वर्षं. अमुक वयाला मूल ‘मोठं’ होतं असा कुठे नियम नाही. नातू एकटा स्वच्छतागृहात जाऊन येतो, आपलं सामान ओळखतो, अडलं तर अनोळखी शिक्षकांना विचारू शकतो, एवढं पाहा. शेवटचं जमत नसेल तर पुढचे सहा महिने त्याच्याऐवजी तुम्ही बोलणं बंद करा. दुकानात, दवाखान्यात, शाळेच्या कार्यालयात त्याला स्वतः विचारू द्या. अडखळला तरी वाक्य पुरं करू नका.

बाई, मी शाळेत सगळ्यात मोठ्या वर्गात आहे. माझं उंचीचं माप दारावर सगळ्यात वर आहे. पण पुढच्या वर्षी मी सगळ्यात लहान होणार. माझा चुलत भाऊ म्हणतो की मोठ्या शाळेत मोठी मुलं मारतात आणि रस्ता चुकला की शिक्षा होते. हे खरं आहे का? — एक विद्यार्थी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. अक्षर छान आहे आणि प्रश्न खरा आहे, म्हणून उत्तरही खरं देते.

नवीन शाळेत पहिल्या आठवड्यात तू रस्ता चुकशील. जवळजवळ सगळे चुकतात. आत्ता तुला एक वर्ग आणि एक बाई आहेत. तिकडे बहुतेक प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक येतील, तास संपला की घंटा होईल, आणि काही तासांना तुलाच दुसऱ्या खोलीत जावं लागेल. पहिल्या दिवशी मिळालेलं वेळापत्रक घरी येऊन स्वतःच्या हातानं एका पुठ्ठ्यावर उतरवून काढ आणि दप्तरात ठेव. उतरवताना ते निम्मं पाठ होतं. चुकून उशिरा पोहोचलास तर दारात उभा राहून सरळ सांग, “मी नवीन आहे, खोली सापडली नाही.” पुढे काही जोडायचं नाही. रस्ता चुकला म्हणून कोणाला शिक्षा करायची नसते. शाळेत मुलांना मारायला कायद्यानं बंदी आहे, हे तुझ्या भावालाही सांग.

शाळा सुरू व्हायच्या आधी कोणालातरी घेऊन एकदा ती शाळा पाहून ये. चार जागा शोध : पाणी कुठे आहे, स्वच्छतागृह कुठे आहे, कार्यालय कुठे आहे आणि तुला घ्यायला येणारं माणूस कुठल्या फाटकाशी उभं राहणार आहे. या चार माहीत असल्या की बाकीची शाळा हळूहळू सापडते.

आता मारण्याचं. सगळी मोठी मुलं मारत नाहीत. एखादा असतो. कोणी मारलं, पैसे किंवा वस्तू मागितली, नको ते नाव ठेवलं, तर त्याच दिवशी सांगायचं. उद्या नाही. शाळेत एका मोठ्या माणसाला आणि घरी एका मोठ्या माणसाला, अशा दोघांना. एकानं लक्ष दिलं नाही तर दुसरा आहे. याला चहाडी म्हणत नाहीत. दुसऱ्याला ओरडा बसावा म्हणून सांगणं म्हणजे चहाडी. कोणाला तरी त्रास होतोय, तो थांबावा म्हणून सांगणं म्हणजे मदत मागणं. तो त्रास तुला होत असला तरीही.

एक काम देते. तू पहिलीत होतास तेव्हा शेवटच्या वर्गातलं कोणीतरी तुला मोठं वाटायचं, आठवतंय? त्यानं तुझ्या बुटाची नाडी बांधली असेल किंवा तुला नळापर्यंत उचललं असेल. आता पहिलीतली मुलं तुझ्याकडे तसंच बघताहेत. उद्या मधल्या सुट्टीत नळाशी जाऊन उभा राहा आणि काय होतं ते मला लिही.

आणि दारावरची ती खूण पुसायची नाही. आपल्या वर्गातल्या सगळ्यांच्या खुणांवर तारीख टाकायला बाईंना सांग.

झोप किती हवी? मुलगी रात्री उशिरापर्यंत अभ्यास करते, मग मोबाइल. — एक आई

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना २४ तासांत ९ ते १२ तास झोप हवी, असं अमेरिकन अकादमी ऑफ स्लीप मेडिसिननं २०१६ मध्ये सांगितलं आहे. सकाळी सहाला उठायचं असेल तर नऊला दिवा बंद झाला पाहिजे. फोन रात्री तुमच्या उशाशी ठेवा, तिच्या नको. या वयात रात्री जागून अभ्यास करण्यासारखं काही नसतं. तसं करावं लागत असेल तर शाळेत जाऊन विचारा की गृहपाठ इतका का आहे.

मुलगा या वर्षी प्राथमिक संपवतोय आणि अजून अडखळत वाचतो. जोडाक्षर आलं की अंदाजानं काहीतरी म्हणून पुढे जातो. पुढच्या शाळेत त्याचं कसं होणार या विचारानं मला झोप लागत नाही. — एक वडील

तुमची काळजी रास्त आहे. पुढच्या शाळेत कोणी वाचायला शिकवत नाही, तिथे वाचून शिकायचं असतं. म्हणून हे काम याच वर्षी करायचं.

आधी डोळे आणि कान तपासून घ्या. मी एका मुलाला वर्षभर ‘लक्ष देत नाही’ म्हणत होते आणि त्याला फळा दिसतच नव्हता. त्याचं मला अजून वाईट वाटतं. त्यात काही निघालं नाही, तर रोज पंधरा मिनिटं, एकच उतारा तीन-चार दिवस. पहिल्या दिवशी दोघांनी एकत्र, मोठ्यानं वाचायचं. तुमचा आवाज जरा पुढे, त्याचा मागे. दुसऱ्या दिवशी त्याचा पुढे. तो उतारा पाठ झाला तरी चालतो. डोळे अक्षरावर असले की झालं.

अंदाजानं वाचणारी मुलं शब्दाचं पहिलं अक्षर घेतात आणि उरलेलं मनानं भरतात. ‘प्रकार’ लिहिलेलं असतं आणि ‘प्रकाश’ वाचतात. तिथे ‘चुकलास’ म्हणण्याऐवजी शब्दाच्या शेवटावर बोट ठेवा. जोडाक्षर फोडून लिहायला लावा : ‘स्वातंत्र्य’ मधला शेवटचा तुकडा म्हणजे त, र आणि य, असं. रफार आणि रकार यांत गोंधळ असेल तर ‘सूर्य’ आणि ‘चक्र’ शेजारी लिहून विचारा, र आधी उच्चारतोस की नंतर? माझ्या वर्गात या एका प्रश्नानं बऱ्याच मुलांचं कोडं सुटलं.

दोन-तीन महिने नेमानं करूनही फरक पडला नाही, तर डिस्लेक्सियाची तपासणी करून घ्या. बुद्धी चांगली असूनही वाचन जड जाणारी मुलं असतात. निदान झालं तर नव्या शाळेला ते पहिल्याच दिवशी कळवा. लपवलंत तर त्याच्यावर आळशीपणाचा शिक्का बसेल आणि तो पुसायला फार वर्षं लागतात.

आणि त्याच्यापेक्षा लहान कोणीतरी शोधा, ज्याला तो वाचून दाखवेल. माझ्या वर्गातला असाच एक मुलगा मी पहिलीच्या वर्गात गोष्ट वाचायला पाठवला. बारा पानांचं चित्रांचं पुस्तक होतं. शुक्रवारी वाचायचं म्हणून सोमवारपासून तो मधल्या सुट्टीत भिंतीशी उभा राहून तेच वाचत होता. धड्यासाठी त्यानं असं कधी केलं नव्हतं. शुक्रवारी तो एका शब्दाला अडला तेव्हा पहिलीतलं कोणीच हसलं नाही. त्यांना तर त्यातला एकही शब्द वाचता येत नव्हता.

मी नवीन शिक्षक आहे. पहिल्यांदाच शेवटचा वर्ग दिला आहे. मुलं उलट बोलतात, लहानांवर दादागिरी करतात, ‘आम्ही आता जाणारच’ म्हणतात. शिस्त कशी लावू? आणि निरोपाचा कार्यक्रम माझ्याकडे आहे, तो कसा करू? — एक शिक्षक

सर, त्यांना काम द्या. खरं काम, म्हणजे त्यांनी नाही केलं तर जे अडेल असं.

मी सुरुवातीला एक चूक करत होते. सगळ्यात दंगेखोर मुलाला मॉनिटर करायची आणि बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायला लावायची. दोन आठवड्यांत त्याचे मित्र तुटले आणि लहान मुलं त्याला घाबरू लागली. मी त्याला काम दिलंच नव्हतं, अधिकार दिला होता. त्यानंतर वर्गात मॉनिटर ठेवला नाही. घंटा द्यायची जबाबदारी दोघांची, वाचनालयाच्या नोंदवहीची तिघांची, झाडांच्या पाण्याची, पहिलीच्या मुलांना फाटकापर्यंत नेण्याची. घंटा एकदा सात मिनिटं उशिरा झाली. सगळ्या शाळेचा तास लांबला. मी मुख्याध्यापकांकडे जाऊन सांगितलं की पुन्हा मुलंच देतील. त्यांनी मान्य केलं, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. नंतर घंटा उशिरा झाल्याचं मला आठवत नाही.

‘आम्ही आता जाणारच’ असं म्हणतात तेव्हा रागावू नका. कुठे जाणार, कोण कोण कोणत्या शाळेत जाणार, हे एका दिवशी मोकळेपणानं वर्गात बोला. एकट्यानं एका शाळेत जाणारं मूल कोणतं, ते तुम्हाला त्या दिवशी कळेल. वर्षभर त्याच्याकडे जरा जास्त लक्ष असू द्या. बहुधा तेच उलट बोलत असतं.

निरोपाचा कार्यक्रम मुलांना ठरवू द्या. मोठ्यांची भाषणं दोनच ठेवा, तीही छोटी. मी शेवटी शेवटी भाषणं काढूनच टाकली होती. त्याऐवजी मुलं सगळ्या शाळेतून एक फेरी मारायची. पहिलीच्या वर्गापासून सुरुवात, आपण जिथे बसायचो त्या बाकावर एकदा बसायचं आणि पुढच्या वर्गात जायचं. मोठी झालेली मुलं त्या छोट्या बाकांत गुडघे वर करून बसायची आणि आपोआप बोलायला लागायची : इथे मी पडलो होतो, इथे मला उलटी झाली होती, इथे मला पहिल्यांदा ‘क’ आला. शाळेतल्या मदतनीस मावशींनाही फेरीत घ्या, त्यांना प्रत्येकाचं काहीतरी माहीत असतं. फोटो काढायचे ते फेरीच्या आधी काढा, नंतर चेहरे रडून लाल झालेले असतात.

कार्यक्रम संपला की लगेच घाईघाईनं वर्ग बंद करू नका. एखादं मूल घरी जायला तयार नसतं. दप्तर पाठीला लावून उगाच दारात रेंगाळतं, खिडकीची कडी चाचपतं. त्याला काही विचारू नका. फळा पुसायला सांगा. सावकाश पुसतं, कोपरे पुन्हा पुसतं, डस्टर झटकतं, आणि मग आपणहून निघतं.